पोसायडनकडे हाफ डे

अण्णांना ‘हाफ डे’ हा प्रकार मुळातच मान्य नाही. बँकेत चौतीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा ऑडिटमध्ये काढलेल्या या माणसाच्या लेखी हाफ डे टाकणारा कर्मचारी म्हणजे अख्खी दांडी मारायची हिंमत नसलेला कर्मचारी. त्यामुळे अथेन्सच्या हॉटेलात ‘केप सुनियन, हाफ डे, सनसेट’ असं छापलेलं पत्रक मी पुढे सरकवलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न आला, “म्हणजे देऊळ अर्धंच दाखवणार?”

पुढे ते खरं निघालं, पण त्यात सहलवाल्यांचा दोष नव्हता. सुनियनचं ते पोसायडनचं देऊळ उरलंयच निम्मं.

अण्णा हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, रत्नागिरीचे. नोटांचं बंडल कानाशी धरून एकदा फर्रकन सोडलं की एक नोट कमी आहे हे ते सांगत, अशी आख्यायिका सासरी ऐकायला मिळते. सूर्यास्त बघायला पैसे मोजायचे, ही कल्पना तर त्यांना साफ नामंजूर होती. “जावईबापू, आमच्याकडे भाट्याच्या किनाऱ्यावर रोज होतो. फुकट. आणि येऊन-जाऊन रिक्षा.” पण बहिणीनं “अण्णा, चला हो” म्हटल्यावर ते निघाले. बहिणीपुढे त्यांचं ऑडिट चालत नाही.

पत्रकात ‘हॉटेलवरून घेऊन जाऊ’ असं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की एक छोटी गाडी आपल्याला हॉटेलवरून उचलते आणि मग शहरातल्या बाकीच्या सगळ्या हॉटेलांचं दर्शन घडवते. सिंतग्मा चौक आम्ही तीनदा ओलांडला. तिथे संसदेसमोर घोळदार झगा आणि गोंडेवाले बूट घातलेले पहारेकरी पुतळ्यासारखे उभे असतात. तिसऱ्या खेपेला त्यांच्यातला एक ओळखीचा वाटायला लागला. अखेर एका नाक्यावर आम्हाला उतरवलं, छातीवर हिरवा गोल कागद चिकटवला आणि मोठ्या बसमध्ये कोंबलं. लग्नात आहेराच्या पाकिटांवर नंबर टाकतात तसं काहीसं वाटलं.

आता जागा. अथेन्सहून सुनियन सुमारे ७० किलोमीटर, आणि रस्ता जवळपास सगळा समुद्राच्या कडेनं. जाताना समुद्र उजव्या हाताला. हे नकाशावर बघून बायको उजवीकडे धावली होती. पण अण्णांनी तिला हाताला धरून डावीकडे आणलं. “सगळे येडे उजवीकडे बसणार. येताना समुद्र डावीकडे येतो. तेव्हा हे बसतील डोंगर बघत.” तर्क बिनचूक होता. फक्त येताना काळोख असणार, हे फालिरोच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी ते बोललो नाही. संसार टिकवायचा असतो.

गाइडबाई दोन भाषांतून बोलत होत्या. आधी इंग्रजी, मग स्पॅनिश. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा घडत होती. २००१ साली बंद झालेला एलिनिकोचा जुना विमानतळ दोनदा बंद झाला. ग्लिफाडा दोनदा महागलं. वुलियाग्मेनीच्या तळ्याचं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं. ते स्पॅनिशमध्ये जरा जास्तच कोमट असावं, कारण ते ऐकून मागची आठ-दहा मंडळी खो खो हसली. आमच्या वाट्याला इंग्रजीत नुसतं तापमान आलं होतं. विनोद कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. “तिकीट सारखंच घेतलंय ना त्यांच्याकडून?”

मग एजियसची गोष्ट आली. अथेन्सचा राजा एजियस. त्याचा मुलगा थिसियस क्रीट बेटावर त्या बैलतोंड्या मिनोटॉरला मारायला जातो. जाताना जहाजाला काळं शीड. जिवंत परतलो तर पांढरं लावीन, असा बापाला शब्द. पोरगं राक्षस मारतं, भूलभुलैयातून सुटतं आणि शीड बदलायला विसरतं. सुनियनच्या कड्यावर वाट बघत उभा असलेला बाप काळं शीड बघून समुद्रात उडी घेतो, आणि त्या समुद्राला एजियन नाव पडतं.

“खोट्या बातमीवर गेला बिचारा,” बायको म्हणाली. “आपल्या द्रोणाचार्यांसारखा.”

“द्रोणाचार्यांना मुद्दाम फसवलं होतं,” अण्णा म्हणाले. “हा शुद्ध निष्काळजीपणा. अख्ख्या जहाजावर एकालाही आठवू नये?” आणि मग त्यांचा चेहरा ऑडिटचा झाला. “पण जावईबापू, काल सकाळी अक्रोपोलिसवर त्या दुसऱ्या बाई काय म्हणाल्या? तिथून उडी मारली म्हणाल्या.”

म्हणाल्या होत्या खऱ्या. दोन्ही कथा जुन्या आहेत. अक्रोपोलिसची तर पॉसेनियस नावाच्या दुसऱ्या शतकातल्या प्रवाशानं लिहून ठेवलेली आहे.

“तिथून समुद्र मैलोन्‌मैल लांब. तिथून उडी मारली असेल तर खाली शहर लागेल. मग समुद्राला नाव कसं पडलं?” एवढ्यात पुढून स्पॅनिशमध्ये पुन्हा ‘एजियस’ ऐकू आलं आणि बाईंनी हातानं वरून खाली एक झोका दाखवला. अण्णांनी खिशातली छोटी वही काढली. “तीन,” ते म्हणाले.

वार्किझाच्या पुढे रस्ता कड्यातून वळणं घेत जातो. उजवीकडच्या मंडळींनी फोन काचेला चिकटवले. पलीकडच्या रांगेतल्या एक स्पॅनिश बोलणाऱ्या आजीबाई मात्र हळूहळू पांढऱ्या पडत चालल्या. गाडी लागलेला माणूस जगात कुठेही एकसारखाच दिसतो: ओठ मिटलेले, नजर समोरच्या सीटच्या शिवणीवर. बायकोनं पर्सच्या तळातून आवळासुपारीची डबी काढली, दोन बोटांनी चिमूट उचलली, आधी स्वतःच्या तोंडात टाकून दाखवली आणि मग डबी पुढे केली. आजीबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली. आधी चेहरा आंबट झाला, मग तुरट, मग खारट. चारेक वळणांनंतर गालांवर रंग आला. त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली, देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. लगेच पुन्हा मागून घेतली.

या टापूतच, टोकापासून थोडं उत्तरेला, लाव्रियोच्या चांदीच्या खाणी आहेत. बाईंनी त्या एका वाक्यात उरकल्या, म्हणून अण्णांना ती हकीकत मी सांगितली. इ.स.पू. ४८३च्या सुमारास खाणीत चांदीचं मोठं घबाड लागलं. दर नागरिकाला दहा-दहा द्राक्मा वाटून टाकू, असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीस नावाचा पुढारी उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. तीन वर्षांत इराणचा झर्क्सीस चालून आला, आणि सालामिसच्या लढाईत त्याच जहाजांनी ग्रीकांना तारलं.

अण्णा सीटवर सावरून बसले. प्रवासात पहिल्यांदाच ग्रीस त्यांच्या खात्यात आला होता. “लाभांश न देता रिझर्व्हला टाकलं! सभेत हे मंजूर करून घेणं सोपं नाही. माणूस पक्का असणार.” मग थोड्या वेळानं, “आणि खाणीत खपणाऱ्यांना काय मिळालं?”

“ते गुलाम होते.”

पुढची दोन वळणं अण्णा काही बोलले नाहीत. वहीतही काही लिहिलं नाही.

आणि एका वळणाला देऊळ दिसलं. समुद्रात घुसलेलं भूशिर, वर सुमारे साठ मीटरवर पांढऱ्या खांबांची रांग, जणू कुणी कंगवा उभा करून ठेवलाय. दाते पडलेला. सगळी बस उजवीकडे कलली. आम्ही त्यांच्या डोक्यांचे मागचे भाग बघितले.

खाली उतरल्यावर बाईंनी दोन्ही भाषांत बजावलं, सहा पन्नासला बसमध्ये. सूर्यास्त कितीला, असं कुणीतरी विचारलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे सनसेट टूरमधला सनसेट वजा करून बाकी सगळं. “ट्रॅफिक,” बाई म्हणाल्या. हा शब्द दोन्ही गटांना एकदाच सांगून समजला.

आधी उपाहारगृह. अण्णांना चहा हवा होता. त्यांनी कपाची खूण करून विचारलं, “टी?” पोरगा म्हणाला, “ने.” अण्णा माझ्याकडे वळले, “नाही म्हणतोय.” मी सांगितलं, ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. मग दूध आहे का विचारलं. “ओही.” “आहे म्हणतोय,” अण्णा खूश. ‘ओही’ म्हणजे नाही. नाही वाटावं असा होकार आणि आहे वाटावा असा नकार, ही भाषा कुठल्या कर्जवसुली अधिकाऱ्यानं घडवली असावी, असं त्यांचं मत पडलं. बिनदुधाचा चहा त्यांनी निषेध नोंदवत प्यायला. यात वीस मिनिटं गेली.

वर वारा असा, की टोपी आणि माणूस यांतलं एकच काहीतरी धरून ठेवता यावं. देवळाभोवती दोर लावलेला आहे. आत जाता येत नाही. याच जागी आधी बांधत असलेलं देऊळ इ.स.पू. ४८०च्या स्वारीत इराण्यांनी मोडलं. सालामिस जिंकल्यावर ग्रीकांनी शत्रूचं एक पकडलेलं जहाज आणून इथे देवाला वाहिलं. नवस फेडताना आपण नारळावर भागवतो. हे आत्ताचं देऊळ त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात उभं राहिलं. संगमरवर जवळच्याच आग्रिलेझाच्या खाणीतला. पार्थेनॉनच्या खांबांना उभ्या पन्हळी वीस, इथे सोळाच. धारा कमी, तर खारा वारा कमी खाणार, असा त्यामागचा हिशोब सांगतात.

एवढं मी पाठ करून आलो होतो. ऐकायला कुणी नव्हतं. अण्णा खांब मोजत होते.

मूळचे चौतीस. बाई म्हणाल्या, पंधरा उरलेत. पत्रकात छापलं होतं सोळा. अण्णांचे पूर्वेकडून पंधरा भरले, दक्षिणेकडून चौदा, कारण एक दुसऱ्यामागे लपत होता. कोपऱ्यावरून सोळा, पण त्यातला एक चौकोनी. “तो खांब धरायचा की भिंतीचा तुकडा?” मी म्हटलं, धरा. “असं धरून चालत नाही,” ते म्हणाले, आणि वाऱ्यात धोतराच्या आवेशानं फडफडणारी पँट सावरत पुन्हा निघाले.

मी बायरन शोधत होतो. हा कवी १८१०मध्ये, बाविसाव्या वर्षी इथे आला, आणि त्याचं नाव एका चौकोनी खांबाच्या बुडाशी कोरलेलं आहे. त्यानंच कोरलं असं म्हणतात. दोराबाहेरून ते दिसेना. आजूबाजूला वीसेक माणसं माना तिरप्या करून तेच शोधत होती. त्या दगडावर इतर शेकडो नावं आहेत, ठसठशीत, तारखांसकट. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. रायगडावर खडूनं नाव लिहिणाऱ्या पोराला मी एकदा चांगलाच झापला होता. इथे मी फोनची काच बोटांनी ताणून ताणून दुसऱ्या एका पोराचं नाव वाचायला धडपडत होतो. पुढे तो ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील झाला आणि १८२४मध्ये ग्रीसमध्येच, मेसोलोंगीला, वारला. तेव्हा ग्रीकांनी त्याचं ते कोरणं पोटात घातलं असावं. मला सापडलं ते एकच अक्षर, तेही बहुधा दुसऱ्याचं.

बायको कड्याच्या कठड्याशी गेली होती. पोसायडन म्हणजे समुद्राचा देव, हातात त्रिशूळ. ती म्हणाली, “नारळी पौर्णिमा नाही, नारळ नाही, पण हात जोडायला काय जातंय?” आणि जोडले. तेवढ्यात तिच्या पायाशी दोन पक्षी आले. करडे, गुबगुबीत, लाल चोच, डोळ्यावरून गळ्यापर्यंत काळा पट्टा. चकोर! चांदण्याशिवाय काही न खाणारा, सगळ्या संस्कृत कवींचा लाडका विरही चकोर. त्यानं तिच्या हातातल्या बिस्किटाकडे बघितलं, पडलेला चुरा टिपला आणि अजून आहे का, म्हणून मान वाकडी केली.

पावणेसातला खाली उतरलो. सूर्य समुद्रापासून वीतभर वर होता, ऐन रंगात येत होता, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसच्या पायऱ्या चढत होतो. स्पॅनिश गटात कुरबूर चालली होती. बस अथेन्सकडे तोंड करून उभी होती, म्हणजे आमची डावी बाजू आता पश्चिमेला. अण्णांनी माझ्याकडे एक अर्थपूर्ण दृष्टिक्षेप टाकला.

बाईंनी माणसं मोजली. अडतीस. यादीत एकोणचाळीस. पुन्हा मोजली: चाळीस. उतरलेली दोन माणसं मध्येच चढली होती, एक आजीबाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या.

अण्णा उठले. “मॅडम, आय विल काउंट,” म्हणाले. “थर्टी-फोर इयर्स बँक.” बाईंनी कृतज्ञतेनं यादी दिली. अण्णा पुढून मागे गेले, एकेका डोक्यावर बोट ठेवल्यासारखं करत. मागून पुढे आले. थांबले. मान हलवली. “थर्टी-एट.” पुन्हा गेले. या वेळी आणखी सावकाश, सीटांखाली वाकून बघत. चालकानं हॉर्नवर हात ठेवला. बाई घड्याळ बघत होत्या. “फॉर्टी,” अण्णा म्हणाले, आणि चिंताग्रस्त चेहऱ्यानं तिसऱ्या फेरीला निघाले.

खिडकीत सूर्य पाण्याला टेकला. चपटा झाला, मडक्यासारखा. बसमधलं सगळं बोलणं थांबलं, दोन्ही भाषांतलं. आवळासुपारीवाल्या आजीबाई वाटेत उभ्या राहून आमच्या काचेतून बघत होत्या. वरच्या टेकडीवर सुरक्षारक्षकाची शिट्टी वाजली. लाल किनार राहिली, मग तीही गेली, आणि मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“थर्टी-नाइन,” अण्णांनी जाहीर केलं. “ऑल प्रेझेंट.” बस सुरू झाली.

ते येऊन माझ्या शेजारी बसले आणि वही खिशात ठेवली.

“काय हो अण्णा,” मी म्हटलं, “तीन फेऱ्या? तुम्हाला?”

“एकोणचाळीस पहिल्या फेरीलाच भरले होते,” ते म्हणाले, आणि काळ्या होत चाललेल्या काचेकडे तोंड केलं.