धूर येतोय का?

पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला निघालेल्या ट्रकनं घोटीपर्यंत कसलीही कुरकूर केली नाही. ती केली आबांनी. माल त्यांचा, म्हणून केबिनमध्ये बसायचा मानही त्यांचा. "चहाला थांबा, पण इंजिन बंद करू नका," असं त्यांनी बजावलं होतं. ड्रायव्हरनं डिझेलचा भाव ऐकवला आणि इंजिन बंद केलं. गाडी जुनी, सहाचाकी, मेकॅनिकल पंपाची. मागे नऊ-साडेनऊ टन कांदा, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर घोटीचा पाऊस.

चहा झाला. ड्रायव्हरनं सेल्फ मारला.

टक्.

पुन्हा मारला. पुन्हा टक्. एवढ्यावर ढाब्यातली निम्मी माणसं बाकं सोडून ट्रकभोवती जमली. एक म्हणाला, सेल्फ जळाला. दुसऱ्यानं बॅटऱ्या निकालात काढल्या. तिसऱ्यानं इंजिनच बसल्याचं जाहीर करून आबांचं सांत्वनही सुरू केलं. चौथा म्हणाला, "उतारावर सोडा, आपोआप लागंल." उतार लागतो इगतपुरीच्या पुढे, कसारा घाटात. म्हणजे गाडी सुरू करण्यासाठी आधी ती सुरू करून इगतपुरीला न्यायची. आबांनी हाही सल्ला मान डोलावत ऐकला.

शेजारच्या पत्र्याच्या गॅरेजमधून मिस्त्री आला, तो मीटर घेऊनच. ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. त्यानं मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या पोलवर टेकवल्या आणि सेल्फ मारायला लावला. चोवीसच्या वर. मग एक पीन पोलवरून उचलून त्यावरच्याच टर्मिनलवर ठेवली. नऊ! मधले पंधरा व्होल्ट पोल आणि टर्मिनल यांच्यामधल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीनं गिळले होते. मिस्त्रीनं आधी अर्थची वायर सोडली, म्हणजे पाना चॅसीला लागून ठिणगी उडायला नको. मग ढाब्यावरचं गरम पाणी ओतलं, पोल ब्लेडनं चकचकीत खरवडले आणि टर्मिनल आवळले.

आता सेल्फ झकास फिरला. इंजिन मात्र काही केल्या पकडेना. सल्लागारांना पुन्हा जोर चढला. नोजल, पंप, व्हॉल्व्ह, एकानं तर आबांची साडेसाती काढली.

"धूर येतोय का?" मिस्त्रीनं विचारलं.

एवढ्या माणसांत सायलेन्सरकडे कुणीच पाहिलं नव्हतं. क्लीनर मागे धावला. "काहीच नाही, मिस्त्री!"

मिस्त्रीचं अर्धं काम तिथंच झालं. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, असा अर्थ झाला असता. धूरच नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही.

त्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हँडपंप मारला. बाहेर आला नुसता फेस. गाडीनं एअर पकडली होती. टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपातून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथं फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली एक थेंब दिसत नाही. गाडी चालू असेतो पंप कसंबसं निभावून नेतो. थांबली, की डिझेल टाकीकडे परततं. चहाला तेवढा वेळ पुरला होता.

रबरी पाइपाचं टोक कडक होऊन चिरलं होतं. मिस्त्रीनं तेवढं कापलं, नवी क्लिप आवळली आणि बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला. मग नोजलच्या पाइपांचे नट सैल करून थोडा-थोडा सेल्फ. मध्ये दम, नाहीतर सेल्फ तापतो. (1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सिक्स ट्रकवर हा प्रयोग करू नये. तिथं डिझेलचा दाब हवेच्या हजारपटीहून जास्त असतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते.) नट आवळल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पांढऱ्या धुराचा पहिला लोट मागे उभ्या असलेल्या सल्लागारांना मिळाला.

मिस्त्रीनं क्लिपसकट तीनशे रुपये घेतले. ढाबेवाल्याचं बिल तीनशे चाळीस निघालं. सतरा चहा, सगळे आबांच्या नावावर.

शहापूरला ड्रायव्हरला लघवीला उतरायचं होतं. तो येईपर्यंत आबा स्वतः ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसले.