किनारा-छायाचित्र-निर्णय (आनंदनगर शाखा)

भोपाळच्या रायसेन रोडवरील आनंद नगरात समुद्र नाही, हाच या शास्त्राचा पाया. ज्याच्या दारात समुद्र आहे त्याला त्यावर मत बनवायला सवड नसते. इथल्या मराठी घरांत मत आधीच तयार असते. १९१२ पासून धावणाऱ्या पंजाब मेलने मुंबई गाठायची आणि पुढे कोकणात उतरून ते किनाऱ्यावर लागू करायचे, एवढेच उरते.

पूर्वपक्ष असा : क्षितिज तिरके, तर फोटो बाद. मान्य, अरबी समुद्र एका बाजूने सांडताना दाखवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण या व्याधीचे मूळ आमच्या मते मोठ्या तलावात आहे. तिथे व्हीआयपी रोडवरून सूर्यास्त टिपताना पलीकडचा काठ एका अंगाने जवळ, दुसऱ्या अंगाने लांब असतो, त्यामुळे मोबाइल सरळ धरूनही काठाची रेघ उतरती दिसते. भोपाळकर ती रेघ सरळ करतो आणि राजा भोजांचा पुतळा कलंडतो. तलावावर प्रमाण मानावे ते उभ्या वस्तूला आणि तिच्या बरोबर खाली पडणाऱ्या प्रतिबिंबाला. समुद्रावर मात्र रेघ म्हणेल ते खरे.

दुसरा वाद उजेडाचा. आकाश साधले की लाटा काळ्या पडतात, लाटा साधल्या की आकाश पांढरे होते. १८५०च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी आकाश एका काचेवर, समुद्र दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एका कागदावर जुळवले. त्यांच्यासमोर सहकुटुंब उभे राहिलेले काका नव्हते, ही त्यांची सोय. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. त्याच्याकडे पाठ केलेले सगळे नातेवाईक एकाच रंगाचे निघतात. चेहरे हवे असतील तर सकाळी या, ऊन सह्याद्रीकडून तोंडावर येते. सकाळी कोणी येत नाही, कारण घावणे गरम असतात.

आता मुख्य सिद्धांत. मुंबईकडे भरतीचा ढोबळ हिशेब तिथीच्या पाऊणपट. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सहाएक तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी सर्वांत लांब हटते आणि ओल्या वाळूचा लांबलचक आरसा सूर्यास्ताच्या तोंडावर उघडा पडतो. अष्टमीला याच वेळी पाऊणपटीने सहाची भरती येते आणि वाळू बुडते. तेव्हा महागडी लेन्स नंतर; आधी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवा.

यावर आक्षेप येतो की रजा तिथी पाहून मिळत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो कार्यालयशास्त्राचा विषय.

चपलांबाबत आनंद नगरात दोन गट आहेत. एक म्हणतो, त्या फोटोत घ्याव्यात, जिवंतपणा येतो. दुसरा म्हणतो, पाण्याच्या कडेला काढून मोकळे व्हावे. दुसऱ्या गटाचे बरेच जण परतताना अनवाणी असतात, कारण पाणी चढू लागते तेव्हा सगळे मोबाइल सूर्याकडे वळलेले असतात.