पोटखराब धरून साडेचार एकर

फाफ्सा हा अमेरिकेत कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याने सरकारी मदतीसाठी भरायचा अर्ज होय. हे रोगाचे नाव नाही. रविवारी अकोल्याहून आलेल्या फोनवर आईचा तसा समज झाला आणि तिने ताबडतोब अडुळशाचा काढा सांगितला, म्हणून खुलासा प्रथम. आबाजींचा प्रश्न वेगळा होता : "पोरीले कॉलेजात घालाले तिकडचं सरकार आपलं वावर काहून इचारते?" फोनवर दिलेले उत्तर त्यांना पटले नाही. 'मुद्देसूद लिहून पाठव, पुस्तकात असते तसे' असा हुकूम झाला. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला उत्तर म्हटले की व्याख्या, इतिहास, उदाहरणे ह्याच क्रमाने लागते. तोच क्रम येथे ठेवला आहे. मजकूर कपड्यांच्या दोन घाण्यांच्या मध्ये लिहिलेला असल्याने अक्षराचे गुण कापू नयेत.

इतिहास थोडका आहे. ह्या मदतीचा मूळ कायदा १९६५ चा. त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तरुणपणी टेक्सासात शाळामास्तर होते, हे आबाजींच्या माहितीसाठी. अर्जाला आजचे नाव १९९२ पासून आहे. त्यातून तीन प्रकारची मदत निघते : परत न करण्याचे अनुदान, कॉलेजात असताना काम करून मिळणारा पगार, आणि कर्ज. अनुदानांत मुख्य ते पेल अनुदान, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. अर्ज नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला करता येतो. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांची मुले इथल्या बालवाडीपासून शिकलेली असली तरी त्यांना तो बंद. ग्रीन कार्ड आले तेव्हा न्यू जर्सीहून फोन करून पेढे वाटायला सांगितले होते, त्याचे कारण मोठ्या काकांना आता कळेल. ते पेढे कमी होते ही आत्याची तक्रार नोंदवून घेतली आहे.

मदत लागते कशासाठी, ह्याचे उत्तर किमतीत आहे. इथल्या काही खासगी विद्यापीठांचा फी, खोली आणि जेवण धरून एका वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर गेला आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हे साडेशहात्तर लाख होतात. एका वर्षाचे. पदवी चार वर्षांची असते. हा आकडा मोठ्या काकांना रक्तदाबाची गोळी घेतल्यावरच वाचून दाखवावा. राज्याच्या विद्यापीठात राज्यातल्या मुलांना पुष्कळ कमी पडते; पण 'पुष्कळ कमी' हे ह्या साडेशहात्तरच्या मानाने. आता, छापील किंमत सगळेच देतात असे नाही. अमरावतीत जवाहर रोडवर साडी घेताना दुकानदार बाराशे म्हणतो, काकू सहाशे म्हणते आणि आठशेवर दोघेही एकमेकांवर उपकार करतात. इथे घासाघीस नाही. इथे गिऱ्हाईकाने आधी आपले पाकीट दुकानदारापुढे उपडे करायचे, आतल्या चिल्लरीसकट, आणि मग दुकानदार साडीची किंमत सांगतो. पाकीट उपडे करण्याच्या ह्या विधीलाच फाफ्सा भरणे म्हणतात.

अर्जात आईबापांचे दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न घेतात. विद्यार्थी आणि आईबाप ह्यांची खाती वेगळी, परवलीचे शब्द वेगळे, संमती वेगळी. ह्या सगळ्यावरून एक आकडा निघतो : घराला किती झेपेल त्याचा. तो शून्याच्या खाली उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. शून्याच्याही खाली गरिबी असते हे सरकारने कागदावर मान्य केलेले एवढे एकच उदाहरण पत्रलेखकाच्या पाहण्यात आहे. अर्ज सोपा करायचा म्हणून २०२४-२५ साठी तो नव्याने बांधला, तर एरवी १ ऑक्टोबरला उघडणारा तो २०२३ च्या ३० डिसेंबरला उघडला, आणि तोही आधी दिवसातून थोडाच वेळ. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे ह्यापेक्षा वेळेवर सुटायची आणि तिच्यातून उतरून पाणी पिऊन परत चढता तरी यायचे.

खासगी विद्यापीठांपैकी बऱ्याच जणांना एवढ्याने समाधान नसते. त्यांच्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्ज असतो. तो राहत्या घराची किंमतही विचारतो. पहिल्या विद्यापीठाला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. सहा ठिकाणी पाठवला की १०५ डॉलर, म्हणजे सुमारे नऊ हजार रुपये. उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर ही फी माफ आहे. त्याच्या किंचित वर असलेल्यांनी आपली अडचण फी भरून सांगावी, अशी ही रचना.

आता वावर. फाफ्सा राहते घर धरत नाही, म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम धरत नाही; पण जमीन धरतो, मग ती पृथ्वीवर कुठेही असो. शेतकऱ्यांना पूर्वी सूट होती : कुटुंब ज्या शेतावर स्वतः राहते आणि जे स्वतः कसते, ते मोजायचे नाही. २०२४-२५ पासून ती सूट गेली, शेतीवाल्या राज्यांनी ओरड केली आणि २०२५ च्या कायद्याने ती २०२६-२७ पासून परत आली. हे ऐकून आबाजींनी फोनवर "मंग झालं" म्हटले होते. झाले नाही. अट राहण्याची आहे. पूर्णेकाठच्या वावरात सालदार राहतो, गड्याचे दोन बैल राहतात, उन्हाळ्यात रानडुकरेही मुक्कामाला असतात. न्यू जर्सीचे कुटुंब मात्र तिथे राहत नाही, आणि अर्जाला नेमके तेवढेच विचारायचे असते.

मुळात हे वावर अर्जात आले ते मोठ्या आजीच्या मायेमुळे. नातू, म्हणजे पत्रलेखक, सातासमुद्रापलीकडे गेला तरी गावच्या कागदावर त्याचे नाव राहावे, म्हणून तिने मृत्युपत्रात साडेचार एकर त्याला लिहून ठेवले. ती गेल्यावर आबाजींनी तलाठ्याकडे खेपा घालून फेरफार करून घेतला. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे, आबाजी म्हणणार नाहीत.) जमीन आबाजींच्याच नावावर असती तर अर्जात तिचा उल्लेखही लागला नसता. नाव नातवाचे, म्हणून मालमत्ता नातवाची. समजा, एकरी दहा लाख धरले तर पंचेचाळीस लाख, म्हणजे ५३ हजार डॉलरच्या आसपास. आईबापांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग दरसाल शिक्षणाला उपलब्ध आहे असे अर्ज मानतो. म्हणजे सुमारे तीन हजार डॉलर, अडीच लाख रुपये. ह्या वावराने पऱ्हाटी, तूर आणि हरभरा मिळून खर्च वजा जाता एवढे पैसे एका वर्षात आबाजींना कधी दिले असतील, तर ते साल कळवावे.

दहा लाख हा आकडा तरी कुठून आणायचा, ही पुढची पायरी. रेडी रेकनर एक सांगतो. मधले काका त्याच्या तिप्पट सांगतात, कारण रस्ता चौपदरी होणार असे त्यांना गेली वीस वर्षे आतल्या गोटातून कळते आहे. गिऱ्हाईक निम्मे सांगते, कारण जमीन खारपाण पट्ट्यातली : विहिरीचे पाणी खारट, ओलीत नाही, सगळी भिस्त पावसावर. अर्जात खारपाणाला रकाना नाही.

एका विद्यापीठाने कागदही मागितला, इंग्रजी भाषांतरासह. काकांच्या लेकीने अमरावतीहून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत उतरवून पाठवला. ह्या सबंध प्रकरणातला एवढा एकच खर्च वाजवी म्हणता येईल. भाषांतराला आबाजींची नात बसली. 'पोटखराब क्षेत्र', म्हणजे वावरातला लागवडीला न येणारा भाग, ह्याचे तिने 'पोट बिघडलेली जागा' असे केले आणि कुणाचे बिघडले होते म्हणून गंभीरपणे विचारले. तिला 'आर' समजावून सांगितला, 'जिरायत' समजावून सांगितले. मग ती शेऱ्याच्या रकान्याशी आली. तिथे 'विहीर १, आंबे २' असे आहे. आंबा एकच उरला आहे. दुसरा वादळात पडला त्याला तीस वर्षे झाली. त्याच्या खालच्या फांदीवर दिवाळीच्या सुट्टीत कोण चढून बसायचे आणि कुणाला उतरता येत नसे, हे आईला माहीत आहे. धुऱ्यावर तेव्हा लावलेला निंब आता केवढा झाला, हे उताऱ्यात येत नाही. त्या रात्री भाषांतर तिथेच थांबले. पत्रलेखकाला कांदा चिरायचा होता.

अमरावतीच्या त्याच पुतणीच्या अर्जाबद्दल काकूने विचारले आहे, म्हणून तुलना. तिची वाट महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळाची. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणात मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क आता पूर्ण माफ आहे. तो शासननिर्णय ८ जुलै २०२४ चा. खोलीभाडे आणि मेस त्यात येत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि त्यात नोंदणीकृत मजुरांच्या व अल्पभूधारकांच्या मुलांचा विचार वेगळा होतो. पापळच्या पंजाबरावांनी स्वतः एडिंबरात शिष्यवृत्तीवर अभ्यास केला, ऑक्सफर्डला वेदांतील धर्मावर प्रबंध लिहिला आणि परत येऊन अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. भत्त्याला त्यांचे नाव शोभते. अर्ज परत आला म्हणून पुतणीने रडू नये. बँक खात्याला आधार जोडलेले आहे का ते पाहावे, उत्पन्नाचा दाखला चालू सालचा आहे का ते पाहावे आणि सेतूवर सकाळी जावे. काकांच्याही वाट्याला साडेचारच एकर आहे, म्हणजे १.८२ हेक्टर. दोन हेक्टरच्या आत, म्हणून तिकडे ते अल्पभूधारक. धुऱ्याच्या अलीकडचे तेवढेच वावर, तीच खारी विहीर, तेच पोटखराब. न्यू जर्सीत पोचल्यावर ते बागायतदाराचे होते.

राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे एकत्र. पार्सल मिळाले. मुंगवड्या शाबूत, कुरोड्यांचा चुरा. तो तळून खाल्ला. भिवापुरी तिखट शेजारच्या गुजराती बाईंना दिले, त्या अजून बोलत नाहीत. आत्याने सुचवलेले नागपूरचे स्थळ नातीला कळवलेले नाही. ती सतरा वर्षांची आहे. अकोल्याचा पारा पंचेचाळीसला गेल्याचे इथेही वाचले. आबाजींनी दुपारी वावरात जाऊ नये. मोठ्या काकांनी तहसीलमध्ये ओळख असल्याचे कळवले आहे आणि उताऱ्यातला पडलेला आंबा कमी करून घेऊ का, असे विचारले आहे. कमी करू नये.