खिडकीची जागा

पोलीस व्हॅनला खिडक्या मोजक्या आणि नेते अमाप, हा जेलभरो आंदोलनापुढचा खरा पेच आहे. जाळीआडून दोन बोटं दाखवायची तर खिडकीच हवी. मधल्या बाकावरच्या हुतात्म्याचं फोटोत फक्त कोपर येतं. एसटीत निदान बाहेरून रुमाल टाकून जागा धरता येते. इथं जाळी. परवा आमच्या चौकातल्या साहेबांनी तोडगा काढला. वॉर्डातला एक पोरगा अर्धा तास आधीच अटक करवून घेऊन खिडकीशी बसला. साहेब आले, पोरगा उठला, साहेब बसले, फोटो निघाला. "अजून एक घे रे, जाळीची सावली नाकावर आलीय," म्हणत साहेबांनी दुसऱ्यांदा स्वातंत्र्य गमावलं.

व्हॅन गेली पोलीस मैदानावर. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ६८ खाली ताब्यात. चहा, वडापाव. चटणी कमी पडली म्हणून घोषणा. साडेचारला सुटका आणि साडेपाचला 'तुरुंगातून आल्यावर' साहेबांची पत्रकार परिषद.

१९३० साली शिरोड्याच्या मिठागरात लोकांनी मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या. त्या काळी कोर्टात "हो, मोडला कायदा" म्हणायचं, वकील द्यायचा नाही आणि 'क' वर्गात दळण दळायचं, अशी रीत होती. साहेबांच्या निवेदनात अकरा मागण्या आहेत. पाणी सातवं. पहिली मागणी : मागच्या आंदोलनातले गुन्हे मागे घ्या. मागच्या आंदोलनाची पहिली मागणी होती, त्याच्या मागच्या आंदोलनातले गुन्हे मागे घ्या. असं मागे मागे जात राहिलं तर कधीतरी कुणीतरी खरोखर पाण्यासाठी ओरडलेलं सापडेलही. पण तोवर नळाला पाणी यायची भीती आहे.

आणि गुन्हे आहेत तरी कुणावर? गेल्या वर्षीच्या रास्ता रोकोतही हाच पोरगा सगळ्यांत आधी पोचला, म्हणून फिर्यादीत नाव त्याचं. साहेब 'व इतर २५ ते ३० इसम' यांत. पुढं पोरगा पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावला, लेखीत निघाला आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. ज्याला व्हॅनच्या पुढच्या बाजूला बसायचं होतं, त्याला यांनी जन्मभरासाठी मागं बसवलं! अहो, जागा धरायला स्वतःचा मुलगा का नाही पाठवत? तो पुण्यात शिकतोय म्हणे, त्याचं करिअर आहे.

पोरगा पडताळणीचा कागद घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी तो वाचला, घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला.

"पुढच्या वेळी खिडकी तुला."