फार चालायचं नाही, अण्णा

आषाढीला लाखो माणसं देहू-आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत ज्या जिल्ह्यात येतात, त्याच जिल्ह्याच्या गावी राहून मला घरापासून कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाताना मध्ये टेकावं लागतं. ही गोष्ट सोलापुरात मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून गुडघ्यातली दोन हाडांमधली जागा दाखवली. म्हणजे ती आता उरली नाही, हे दाखवलं. तेव्हापासून जिना चढताना माझा उजवा गुडघा शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागासारखा खटखटतो. माल मात्र काही निघत नाही.

अशा अवस्थेत पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला, "अण्णा, नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून थीम पार्कला जायचं."

फोन स्पीकरवर होता. आमच्या हिनं विचारलं, "थीम पार्क म्हंजे गड्डाच की रे?"

पलीकडे सूनबाई हसल्याचं ऐकू आलं, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो; होम मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात, मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाला भिंतीवरून फिरतो, आणि धुळीत माखलेली भजी खात अख्खं सोलापूर तिथं लोटतं. पार्क आपल्या गावात चालून येतो, आपण जायचं नाही, ही सोय वॉल्ट डिस्नेला काही सुचली नाही. शिवाय गड्ड्यात चालता येत नसलं तरी बिघडत नाही. गर्दीच तुम्हाला उचलून पुढं नेते.

एके काळी याच यात्रेत मी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागं चाललो आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकाला निघतात. सकाळी निघालं की परत यायला रात्र होते. त्या दिवशी पाय दुखले असतील, पण पायांनी तसं कधी कळवलं नाही. चिरंजीव लहान असताना त्याला गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, मग लोकल, मग लाँच, आणि मग दिवसभर खांद्यावर हे रत्न. १९८९ साली सुरू झालेलं ते एस्सेलवर्ल्ड आता बंद पडलं. खांदा अजून चालू आहे. गुडघ्याचं वर सांगितलंच.

तर चिरंजीवांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं नाव काढलं आणि वर म्हणाले, "फार चालायचं नाही, अण्णा."

या वाक्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. ज्यांना चालता येतं त्यांना अंतरातलं काडीचं कळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. मंगल कार्यालयाचा पत्ता विचारा, "सात रस्त्यावरून इथंच की काका, दोन मिनिटं." ही दोन मिनिटं सांगणाऱ्याच्या पायांची असतात. रिक्षावाला तेवढा खरं बोलतो, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात. लग्नात "जेवायला वरच्या मजल्यावर" असं म्हणणारे लोक पायऱ्या मोजत नाहीत. मी मोजतो. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाताना पायऱ्या आधी उतरायच्या आणि येताना चढायच्या असतात. जाताना उत्साह असतो तेव्हा उतार आणि पोट रिकामं झाल्यावर चढ. ज्यानं हे बांधलं त्याचे गुडघे शाबूत होते.

म्हणून मी स्वतःच चौकशीला लागलो. निवृत्त माणसाला काम मिळालं की घरातले खूश होतात. मी वही घेतली. या पार्कवाल्यांच्या माहितीत गंमत अशी की पोराची उंची किती हवी हे सेंटीमीटरमध्ये दिलेलं असतं. हृदयविकार, पाठदुखी आणि गरोदर बायकांसाठी सूचना असतात. पण दारापासून पहिल्या बाकापर्यंत किती पावलं, हे एकानं छापलेलं नाही. एका पार्कला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"सर, एव्हरीथिंग इज इन वॉकिंग डिस्टन्स."

"बाई, तीच तर अडचण आहे."

"नो प्रॉब्लेम सर, तुम्ही सावकाश चाला."

मी विचारलं, रांगेत बसायला काही असतं का? ती म्हणाली, रांग पुढं सरकत असते सर, बसणार कसं? याला उत्तर नव्हतं. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, तिला गुडघ्याचं काय सांगता, ती वीस वर्षांची असंल."

इमॅजिकाची माहिती काढता काढता मला थोडा आदरच वाटू लागला. २०१३च्या एप्रिलमध्ये सिनेमावाल्या मनमोहन शेट्टींनी ते सुरू केलं. तिथं नायट्रो नावाचा एक रोलरकोस्टर आहे, त्यात पायांखाली फळीच नसते. पाय अधांतरी लोंबकळत माणूस उलटा-सुलटा फिरतो. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, ही राइड तर तुमच्यासाठीच, पाय वापरायचेच नाहीत." मी म्हणालो, पाय जमिनीवर असताना माझं ऐकत नाहीत, हवेत गेल्यावर ते कुणाचं ऐकणार? शिवाय तिथं पोहोचेपर्यंतच्या रांगेचं काय?

अमेरिकेहून भाचीचा सल्ला आला. ती ऑर्लँडोच्या डिस्नेला सासूबाईंना घेऊन गेली होती. तिथं म्हणे बॅटरीवरची छोटी गाडी भाड्यानं मिळते. सासूबाई तीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उतरल्याच नाहीत. त्या बसून बसून दमल्या आणि बाकीचे त्यांच्यामागं धावून. मला हे चित्र आवडलं. पहिलं डिस्नेलँड कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, तेव्हा ऊन असं होतं की नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतून बसल्या, असं सांगतात. म्हणजे सुरुवातीपासूनच चालण्याचे हाल. ते वाचून बरं वाटलं. दुसऱ्याचे पाय अडकल्याचं वाचलं की आपले थोडे मोकळे होतात.

पण खरी मौज पुढं आहे. डिस्नेच्या पार्कांत पूर्वी चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना कित्येक राइडवर रांग लावावी लागत नसे. तर २०१३ साली बातमी आली की न्यूयॉर्कच्या काही धनिक आया आपल्या लेकरांची रांग चुकावी म्हणून अपंग व्यक्तीलाच 'नातेवाईक' म्हणून भाड्यानं सोबत नेतात. तासाला १३० डॉलर! मग त्याच वर्षी डिस्नेनं नियम बदलून टाकले. ही बातमी मी नातवाला वाचून दाखवली. ते कारटं नऊ वर्षांचं आहे. त्यानं तोंडी गुणाकार केला, आठ तासांचे किती, मग डॉलरचे रुपये किती, आणि माझ्या गुडघ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर मी त्याच्या बापात प्लॉटचे भाव बोलताना पाहिली आहे.

"आजोबा, तुमचं ऑपरेशन करायचं नाही ना अजून?"

"का रे?"

"ट्रिप झाल्यावर करा."

अखेर निकाल लागला तो हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीच्या बाजूनं, आणि तो मी लावला. कारण साधं आहे. ती जागा एवढी अवाढव्य आहे की तिथं धडधाकट माणसालाही चालून भागत नाही. जगातला सगळ्यात मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून गिनेस बुकात तिचं नाव आहे. १९९६ साली रामोजी राव यांनी ती उभारली. तिथं सगळ्यांनाच बसमध्ये बसवून फिरवतात, लाल रंगाच्या, उघड्या खिडक्यांच्या बसमध्ये, सोबत बोलका गाइड. म्हणजे जिथं कुणालाच चालता येत नाही तिथं मी सगळ्यांसारखाच. लहान पार्कात अपंग होण्यापेक्षा मोठ्या पार्कात प्रवासी होणं केव्हाही चांगलं.

त्यात आणखी एक सोय. आपल्या सोलापुरावरून जाणारा ६५ नंबरचा महामार्गच उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत हैदराबादला जातो आणि गाव ओलांडून विजयवाड्याच्या बाजूला फिल्म सिटीच्या अंगणातूनच पुढं सरकतो. घरापासून दारापर्यंत एकच रस्ता. हैदराबादची गर्दी चुकवायची तर बाहेरून रिंग रोड आहेच. सोलापूरकराला हैदराबाद तसं परकं नाही. पूर्व भागातल्या निम्म्या घरांत तेलुगू बोलतात आणि उरलेल्या निम्म्यांना ती कळते.

मी फिल्म सिटीचे व्हिडिओ पाहिले. लोक त्यात बाहुबलीमधल्या माहिष्मतीचा सेट पाहतात, खोटं रेल्वे स्टेशन, खोटं विमानतळ पाहतात. मी बस थांबली की व्हिडिओ थांबवून तिची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते पाहत असे. एक बाई साडी सावरत चढताना दिसल्या. त्यांचा चेहरा पाहून अंदाज घेतला. दांडा धरला तर जमेल. ते खोटं स्टेशन मला मनापासून आवडलं. तिथं गाडी येत नाही, त्यामुळं ती चुकत नाही आणि ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणाही होत नाही. पूल चढून उतरायचं कारणच नाही.

आता प्रवासाचा आराखडा. सूनबाईंनी मोबाइलवर केला, मी वहीत. तिच्या आराखड्यात हॉटेल, तिकिटं, फोटो काढायच्या जागा. माझ्यात एकच रकाना ठळक, कमोड. तीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, आणि महामार्गावरच्या कित्येक ठिकाणी अजून उकिडवं बसण्याची सोय आहे. ज्याला बसता येतं पण उठता येत नाही, त्याच्यासाठी ती सोय म्हणजे कायमचा मुक्काम. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, ते जाताना विचारू." मी म्हणालो, विचारायचं तर आधी, फोनवर, आणि लाजायचं नाही. त्यांनी फोन केले. एका ढाबेवाल्यानं उत्साहानं सांगितलं, "हाय की साहेब, इंडियन, फॉरेन दोन्ही हाय!" त्या ढाब्याचं नाव मी लाल पेनानं लिहिलं आणि तिथं दुपारचं जेवण ठरवलं. चव काय असेल ती असो.

बाकीचं सामानही गुडघ्याच्या कलानं ठरलं. घडीचा स्टूल, काठी, पट्टा, मलम, आणि दगडी बाकावर घालायला एक जुनी सोलापुरी चादर. हिनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही-मिरच्या बांधायला घेतल्या. "आत बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत," असं सूनबाई सांगत होती. ही म्हणाली, "आम्ही कुठं बाहेरचं नेतोय, घरचंच हाय." कडक भाकरी महिनाभर टिकते, पहारेकऱ्याचा आडमुठेपणा तेवढा टिकत नाही, असं तिचं मत. ती भाकरी शेवटी हॉटेलच्या खोलीत खायची ठरली.

पोरांसाठी दुसऱ्या दिवशी वंडरला पार्क. तेही हैदराबादेतच आहे. तिथं मी जाणार नाही. पाणी, घसरगुंड्या आणि ओली फरशी हे तीन शब्द एका ओळीत आले की माझा गुडघा आपणहून दुखतो. त्या दिवशी मी आणि ही हॉटेलात बसून बिर्याणी खाणार. हे ऐकल्यावर सूनबाईंचा चेहरा पडला, कारण पोरांमागं पाण्यात कोण धावणार याचं उत्तर तिला समजलं होतं. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "अण्णा, तुमच्या खोलीत अजून एक खाट टाकता येईल का?"

ही सगळी बातमी गल्लीत पसरली. शेजारचे मास्तर रोज पहाटे कंबर तलावावर चालायला जातात आणि आल्यावर अख्ख्या गल्लीला किलोमीटर सांगतात. माझ्याकडे पाहून "चालत नाही म्हणून झालं हे" असं गेली कित्येक वर्षं सुनावणारे हेच. ते परवा संध्याकाळी आले, वही मागितली, बसण्याच्या जागा, कमोडचे ढाबे, बसची पायरी, बिर्याणीचा दिवस, सगळं मन लावून वाचलं. मग वही मिटून म्हणाले,

"गाडीत अजून दोन जागा होतील का हो? आमच्या मुलानं मागच्या साली काश्मीरला नेलं. नुसतं चालवून चालवून मारलं बघा."

मी म्हणालो, "होतील की. पण मास्तर, आधी गुडघ्याचा एक्स-रे आणून दाखवा."