आतला मुक्काम

काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने २०२३ साली एकदाचं कोल्हापुरात पोचलं. संडासात शिरलेला माणूस बाहेर कधी येणार, ही योजना मात्र अजून कागदावरच आहे. टमरेलाच्या काळात पाणी संपलं की माणूस उठायचा. आता बॅटरी संपावी लागते. आतून ‘व्हय व्हय, दसरा चौकात पोचलो बघ’ असं घुमतं आणि दाराबाहेर आबा खाकरत उभे! बोस्टनच्या डॉक्टरांनी १२५ जणांची पाहणी केली, २०२५ मध्ये ती छापली: आत फोन वापरणाऱ्यांत मूळव्याधीचा धोका ४६ टक्क्यांनी जास्त आढळला. तांबडा रस्सा मुकाट पचवणाऱ्या शहरानं रील्सपायी हे दुखणं ओढवून घ्यावं? भावा, तेवढा फोन बाहेर चार्जिंगला लाव आणि मग जा.