लेनकर

खरं आडनाव काहीही असो, तलावावर ते लेनकर. महापालिकेच्या कुठल्याही जलतरण तलावात सकाळी सहाच्या बॅचला जा, एक तरी लेनकर भेटेलच. वय चाळिशी ओलांडलेलं, नोकरी संगणकासमोरची आणि डोक्यात गोवा. फेणी-मासळीचा गोवा नव्हे. आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत २०१९ साली तिथे पहिल्यांदा भरली, तेव्हापासूनचा गोवा. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. सायकल नि धावणं रस्त्यावर उरकता येतं. रस्त्यात खड्डे असतात, पण ते निदान जागचे हलत नाहीत. पोहायला मात्र तलावच लागतो, आणि तलावात माणसं असतात.

१.९ किलोमीटर म्हणजे ५० मीटरच्या तलावात ३८ लेंथ. पाऊण तासाच्या बॅचमध्ये हे गणित लेनकरांच्या एक्सेल शीटवर चोख बसतं. पाण्यात बसत नाही, कारण लेन नसतात. लेनचे दोर स्वच्छतेसाठी काढलेले असतात आणि ते परत कधी लागणार, हे जीवरक्षकाला विचारलं तर तो शिट्टी वाजवतो.

खाली फरशीवर काळ्या पट्ट्या तेवढ्या असतात. लेनकर त्यांवर श्रद्धा ठेवून आहेत. नियमाने लेन अडीच मीटर रुंद. पट्टीच्या एका अंगाने जायचं, दुसऱ्या अंगाने यायचं, की एकाच लेनमध्ये पाच-सहा जण सुखाने पोहतात. हे त्यांनी सगळ्या बॅचला समजावून सांगितलेलं आहे. पण दोन निवृत्त काका जोडीने ब्रेस्टस्ट्रोक मारत, निवृत्तिवेतनावर बोलत निघाले की त्या अडीच मीटरमधून फक्त आवाज जाऊ शकतो. त्यात ब्रेस्टचा पाय बाजूला झाडला जातो. लेनकरांच्या बरगड्यांना बॅचमधले सगळे काका नावानिशी ओळखू येतात.

पुढच्याला ओलांडायचं असेल तर त्याच्या तळव्याला हलकेच बोट लावायचं. तो भिंतीशी थांबून वाट देतो, असा जगभरच्या पोहणाऱ्यांचा शिष्टाचार आहे. लेनकरांनी तो एकदा पाळला. काका भिंतीपर्यंत गेलेच नाहीत. तलावाच्या ऐन मध्यावर उभे राहिले.

"ओ, पाय का ओढताय?"

"ओढला नाही काका, टॅप केलं. मला पुढे जायचंय."

"मग जा की! एवढ्या घाईने निघालात कुठे?"

"गोव्याला."

काकांनी गॉगल कपाळावर चढवला. "मग पोहत कशाला जाताय? रात्रीची स्लीपर आहे की."

लेनकरांच्या मनगटावर लेंथ मोजणारं महागडं घड्याळ असतं. ते भिंतीशी वळण घेतल्याच्या झटक्यावरून अंदाज बांधतं. लेनकरांना मधेच थांबावं लागतं, कुणाच्या तरी अंगावरून वळावं लागतं. घड्याळ प्रत्येक काकांना भिंत समजतं. आकडा जास्त आला तर लेनकर तंत्रज्ञानावर विश्वास ठेवतात, कमी आला तर गर्दीला दोष देतात.

मे महिन्याबद्दल न बोललेलं बरं. तेव्हा पोरं काठावरून मुटके मारतात आणि लेनकर रजा टाकतात.

या सगळ्यातून एक गंमत मात्र झाली आहे. सुरुवातीला हा माणूस मान खाली घालून पट्टीवरून सरळ जायचा आणि आदळायचा. आता तो दर चार-सहा हातांनी मगरीसारखे डोळे पाण्याबाहेर काढतो, समोर कोण आडवं आहे ते बघतो आणि चाल न मोडता वळसा घालतो. श्वास दोन्ही बाजूंनी घेतो. ज्या बाजूला काका नाहीत त्या बाजूने. कुणाचा पाय लागला तर दचकत नाही. समुद्रात उतरणाऱ्याला नेमकं हेच यावं लागतं. तिथे दोर नाही, पट्टी नाही, भिंत नाही. शेजारी शेकडो हातपाय आणि दिशा डोकं वर काढून आपणच शोधायची. ज्यासाठी लोक प्रशिक्षकाला पैसे मोजतात, ते लेनकरांना मासिक पासात मिळतं. हे त्यांना सांगून पाहिलं. पटलं नाही. दोर लावावेत म्हणून त्यांचा अर्ज महापालिकेत पडून आहे.

तो मंजूर होईल तेव्हा होवो. तोवर तलावावर येणाऱ्यांना एवढीच विनंती: गप्पा मारायच्याच असतील तर कोपऱ्यात उभं राहून मारा, भिंतीचा मधला भाग वळणाऱ्यांसाठी मोकळा ठेवा. आणि तळव्याला कुणाचं बोट लागलं तर मध्यावर थांबून चौकशी करू नका. भिंतीपर्यंत जा आणि मग त्याला पुढे जाऊ द्या.